गावची तूर गावातच भरडा

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही बारा जणी बचत गट चालवतो. बँकेचे कर्ज मिळण्याची शक्यता असल्याने काही जणींना पापड-लोणच्याचा उद्योग करावासा वाटतो. परंतु गावात पुष्कळ बायकांचे रक्त कमी आहे आणि कित्येक घरी आठवड्यातून एकदाच वरण शिजते. कमाईबरोबर गावाच्या आरोग्यालाही हातभार लागेल, असा कोणता उद्योग निवडावा?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील वरणाचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. जेथे कपाशीत तुरीच्या ओळी असतात, तेथेच वरण दुर्मीळ व्हावे, याचे कारण असे की, पैशाच्या निकडीने तूर हंगामातच खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, कच्ची विकली जाते आणि वाहतूक, भरडाई व दुकानदाराचा नफा अंगावर घेऊन महाग डाळ म्हणून परत येते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, परंतु त्या हक्कात डाळ नाही.

म्हणून माझा कौल डाळीला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यांसाठी मिनी डाळ मिल विकसित केली आहे. शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यावी, थोडी गटाने विकत घ्यावी आणि तिची डाळ गावात पाव-अर्धा किलोनेही विकावी, कारण रोजीवर जाणाऱ्या बाईला महिन्याची डाळ एकदम घेणे परवडत नाही. भरडताना निघणारी चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, गुराढोरांसाठी विकली जाईल. हरभरा, मूग, उडीदही भरडता येत असल्याने काम केवळ तुरीपुरते राहणार नाही. तरीही मिल घेण्यापूर्वी गावात किती तूर पिकते, हे घरोघर विचारावे.

केवळ डाळीने रक्त वाढेल, असे मात्र समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वरणावर लिंबू पिळावे, जोडीला पालेभाजी असावी आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोह पुरेसे अंगी लागत नाही. गरोदर बायकांनी आशाताईंकडील लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत.

आणखी एक सुचवते. थोडी तूर कडक वाळवून राखून ठेवावी आणि मृगात, हातचा पैसा बियाण्यात गेलेला असताना, तिची डाळ गरजू घरांना कापूस निघेपर्यंत उधारीवर द्यावी.