चेकराइड आणि अपग्रेडमध्ये नापास झालेल्या पायलटला अमेरिकेत मोठ्या एअरलाइनमध्ये जाता येतं का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ३३ वर्षांचे आहात, अमेरिकेत एका रिजनल एअरलाइनमध्ये (मोठ्या कंपन्यांसाठी छोट्या मार्गांवर उडणाऱ्या कंपनीत) एम्ब्रेअर १७५ या जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरचे सहवैमानिक, आहात. शिकत असताना इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (फक्त उपकरणं बघून उडण्याच्या परवान्याची) चेकराइड, म्हणजे परीक्षकासमोरची उड्डाण परीक्षा, एकदा गेली, पुढे इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेतली तोंडी गेली, आणि गेल्या वर्षी कॅप्टनपदाच्या बढतीच्या प्रशिक्षणात, म्हणजे अपग्रेडमध्ये, एलओईला (सिम्युलेटरमधल्या पूर्ण फ्लाइटच्या परीक्षेला) ‘अनसॅट’, म्हणजे असमाधानकारक, असा शेरा मिळून तुम्ही पुन्हा उजव्या सीटवर आलात. आता कंपनी दुसरी संधी देते आहे. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: करिअर इथेच अडकलं का, मोठ्या एअरलाइनच्या मुलाखतीत काय सांगायचं, आणि अपग्रेड पुन्हा घ्यायचं की उजव्या सीटवरच सुखाने राहायचं.

मी अशाच एका रिजनलमध्ये कॅप्टन आहे. सिम्युलेटरमध्ये शिकवते, चेक एअरमन म्हणून परीक्षा घेते, आणि काही काळ आमच्या भरतीच्या पॅनेलवरही बसले आहे. त्यामुळे लाल शेरे असलेली बरीच माणसं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत.

करिअर अडकलेलं नाही. ‘तीन फेल झाले की मोठ्या कंपन्या अर्ज उघडतसुद्धा नाहीत’ असं मित्रांनी तुम्हाला सांगितलंय. अमेरिकेचा विमान वाहतूक नियामक एफएए, त्याच्या नियमांत अशी कुठलीही मर्यादा नाही. कंपन्या आपापली चाळणी लावतात, आणि पायलट कमी पडले की तीच चाळणी सैल होते. २०२२मध्ये मोठ्या एअरलाइन्स झपाट्याने माणसं घेत होत्या, २०२४मध्ये त्यांनीच हात आखडता घेतला. तोच अर्ज, तेच तीन शेरे, पण उत्तर वेगळं येऊ शकतं. माझ्याबरोबर उजव्या सीटवर उडालेले आणि तुमच्याइतकेच शेरे असलेले काही जण आज मोठ्या कंपन्यांत आहेत.

पण मला तुमच्याशी आकड्याबद्दल बोलायचंच नाही. पॅनेलवरचा अनुभवी पायलट तुमचे शेरे मोजत नाही, वाचतो. तीन नापासांची कारणं तीन वेगवेगळी आहेत की एकच, हे त्याला बघायचं असतं. तुम्ही दिलेले तपशील वाचताना मलाही तेच दिसायला लागलं.

इन्स्ट्रुमेंटच्या चेकराइडमध्ये होल्डमध्ये (आकाशात ठरावीक फेऱ्या मारत थांबण्यात) शिरताना तुम्ही रेडिओवरचा नवा क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) लिहून घेत होतात आणि उंची २०० फुटांनी घसरली. मुभा १०० फुटांची असते. एलओईमध्ये जनरेटर गेला, तुम्ही क्यूआरएच (बिघाडांच्या चेकलिस्टचं पुस्तक) उघडलं, तेवढ्यात डिस्पॅचचा (कंपनीच्या उड्डाण-नियोजन विभागाचा) निरोप आला, फर्स्ट ऑफिसरने अप्रोचबद्दल (उतरण्याच्या टप्प्याबद्दल) विचारलं, चेकलिस्ट अर्धी राहिली, अप्रोच अनस्टेबल झाला आणि गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जायला) उशीर झाला. मधे इतकी वर्षं गेली, विमान बदललं, सीट बदलली, पण घडलं तेच. तीन कामं एकदम आली की तुम्ही तिन्ही हातात घेता आणि ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते निसटतं. इन्स्ट्रक्टरची तोंडी यात बसत नाही. ती परीक्षा तासन्‌तास चालते, पहिल्या फेरीत ती अनेकांची जाते, आणि पॅनेलला हे पक्कं ठाऊक असतं. तिच्यावर दोन वाक्यांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

म्हणजे तुमच्याकडे तीन प्रश्न नाहीत, एकच आहे, आणि तो दुरुस्त होण्याजोगा आहे. विमान हाताने उडवता येत नाही अशी तक्रार तुमच्या एकाही शेऱ्यात नाही. ती असती तर मी हे उत्तर वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

आता काय सांगायचं ते. सगळं सांगायचं. ‘जुनी चेकराइड कोण बघतंय’ असं म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. एफएएचा पायलट रेकॉर्ड्स डेटाबेस, आपण सगळे पीआरडी म्हणतो तो, तुमचा सातबारा आहे. एफएएकडचे नापास शेरे त्यात आहेत, आणि तुमच्या कंपनीने कळवलेली प्रशिक्षणाची नोंदही त्यात येते. नवी एअरलाइन तुम्हाला घेण्यापूर्वी तो बघते, कायद्यानेच बघावा लागतो. तेव्हा अर्ज भरण्याआधी स्वतःचा उतारा स्वतः काढून वाचा. तारीख चुकलेली असेल, भलतीच नोंद असेल तर दुरुस्तीची विनंती करता येते. अर्जातली तारीख आणि पीआरडीतली तारीख जुळली नाही तर मुलाखतीतला अर्धा वेळ त्याच्या खुलाशात जातो, आणि मनात आलेली शंका खुलाशाने पूर्ण जात नाही.

हा डेटाबेस का आला हे प्रत्येक पायलटला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री कोल्गन एअरचं ३४०७ हे फ्लाइट, डॅश-८ क्यू४०० विमान, न्यूअर्कहून बफेलोला जाताना क्लॅरेन्स सेंटर इथे एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला १, असे ५० जण गेले. स्टॉलचा (पंखांची उचल संपत असल्याचा) इशारा देत स्टिक शेकर थरथरल्यावर कॅप्टनने कंट्रोल कॉलम पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला होता. तपासात त्याचे आधीचे नापास शेरे समोर आले, आणि नोकरीच्या अर्जात त्याने ते सगळे लिहिले नव्हते हेही. तेव्हा पायलटच्या जुन्या नोंदी तपासण्याचा १९९६चा पीआरआयए कायदा होता, पण त्यात आधीच्या कंपनीकडून फक्त ५ वर्षांच्या नोंदी मागवल्या जात. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला, २०१०मध्ये नवा कायदा झाला. फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी (एअरलाइन पायलटचं) सर्टिफिकेट आणि साधारण १,५०० तास लागायला लागले ते त्यातूनच, आणि पीआरडीचा हुकूमही त्यातलाच. पण डेटाबेसचा अंतिम नियम यायला २०२१ उजाडलं. त्याआधी २३ फेब्रुवारी २०१९ला अ‍ॅटलस एअरचं ३५९१, बोइंग ७६७ मालवाहू विमान, ह्यूस्टनजवळ ट्रिनिटी बे इथे पडलं आणि तिघे गेले. त्याच्या फर्स्ट ऑफिसरने आधीच्या कंपन्यांमधलं अपुरं राहिलेलं प्रशिक्षण नव्या कंपनीपासून लपवलं होतं. पीआरडी वेळेत न आणणं हेही अपघाताला हातभार लावणारं कारण असल्याचं अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने नोंदवलं.

हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या समोर बसलेल्या पॅनेलच्या डोक्यात हे दोन्ही अहवाल असतात. तुम्ही प्रामाणिक आहात का आणि दबावाखाली तुमचं काय होतं, या दोन गोष्टी त्यांना शोधायच्या असतात. तिन्ही शेरे तुम्ही स्वतःहून, तारखांसकट टेबलावर ठेवलेत की पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळून जातं.

अर्जातला प्रश्न मात्र शब्द न शब्द वाचा. एखादी कंपनी फक्त चेकराइडबद्दल विचारते, दुसरी स्टेज चेकसुद्धा (फ्लाइंग स्कूलमधली टप्प्याटप्प्याची अंतर्गत परीक्षा) विचारते, तिसरी ‘कुठलाही ट्रेनिंग इव्हेंट’ म्हणते. विचारलंय त्याचं पूर्ण उत्तर द्या. हवामान बिघडलं किंवा विमानात दोष निघाला म्हणून चेकराइड मधेच थांबली आणि लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स मिळालं असेल, तर ते नापास होणं नाही. पुष्कळ जण भीतीपोटी तेही यादीत टाकतात आणि स्वतःचा आकडा उगाच वाढवतात.

मुलाखतीत बोलायचं कसं? पॅनेलवर असताना मला सगळ्यात कंटाळा यायचा तो ‘या अपयशाने मला खूप काही शिकवलं’ या वाक्याचा. काय शिकवलं ते सांगा ना! परीक्षक खडूस होता, वारा फार होता, इन्स्ट्रक्टरने नीट शिकवलं नव्हतं, यातलं काहीच नको, खरं असलं तरी नको. तुमच्या बाबतीत मी असं बोलले असते: ‘इन्स्ट्रुमेंट चेकराइडमध्ये आणि अपग्रेडच्या एलओईमध्ये माझी एकच कमजोरी दिसली. कामं साठली की मी ती वाटून देत नव्हतो. एलओईनंतर मी एक ठाम क्रम बसवला: आधी विमान कोण उडवतंय ते मोठ्याने ठरवायचं, मग वेळ मिळवायचा, मग चेकलिस्ट, बाकी सगळ्यांना थांबा म्हणायचं. दुसऱ्या अपग्रेडमध्ये तो वापरला, आणि त्यानंतर लाइनवर अमुक प्रसंगी वापरला.’ मिनिटभरात होतं. मग गप्प बसा. घाबरलेला उमेदवार इथे बोलत सुटतो आणि आपल्याच उत्तरात भोकं पाडतो.

आता हे उत्तर खरं व्हायला दुसरं अपग्रेड झालेलं असायला हवं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. शेवटचा लाल शेरा किती जुना आहे आणि त्यानंतर काय झालं, यावर पॅनेलचं बरंच काही ठरतं. आज तुमच्या रेकॉर्डवरची शेवटची मोठी नोंद ‘अनसॅट’ आहे. ती शेवटची राहू देऊ नका. त्यापुढे पास झालेलं अपग्रेड, कॅप्टन म्हणून तास, काही स्वच्छ रिकरंट (नियमित फेरतपासण्या), आणि जमलं तर ग्राउंड किंवा सिम्युलेटर इन्स्ट्रक्टरचं काम, असं साठत गेलं की तोच जुना शेरा वेगळा वाचला जातो. निवृत्तीचं वय ६५ आहे. चार वर्षं यात गेली तरी पुढे २८ उरतात.

अमेरिकनच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट या रिजनल्समधून ज्येष्ठतेनुसार अमेरिकनमध्ये जाण्याचा ‘फ्लो’ असतो. तुम्ही त्यातल्या एखाद्या कंपनीत असाल तर घाईने दुसरीकडे उडी मारून ती ज्येष्ठता घालवू नका. चालू करारातल्या अटी मात्र नीट वाचा, त्या बदलत असतात. तुम्ही बाहेरच्या रिजनलमध्ये असाल तर मालवाहू आणि कमी भाड्याच्या कंपन्यांकडेही अर्ज चालू ठेवा.

पुण्या-नागपुरातून फ्लोरिडा, अ‍ॅरिझोनाला सीपीएलसाठी (कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी) आलेली मुलंही हे वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी एक सांगते. चेकराइड गेली की डोक्यावर कर्ज आणि व्हिसाची मुदत असते, आणि मुलं दोनच दिवसांत रिटेस्ट मागतात. ६० दिवसांच्या आत परीक्षा दिली तर आधी पास झालेले भाग ग्राह्य धरता येतात. तेवढा अवधी हाताशी आहे, तो वापरा. घाईतली रिटेस्ट गेली तर दुसरा शेरा येतो, आणि एकाच रेटिंगवरचे दोन शेरे समजावून सांगणं फार जड जातं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. अपग्रेड घ्या, पण कंपनीने दिलेल्या पहिल्याच तारखेला नव्हे. आधी करारातलं एक कलम वाचा: दुसऱ्यांदा अपयश आलं तर पुन्हा उजवी सीट मिळते की नोकरी जाते? कंपनीगणिक ते वेगळं असतं, आणि युनियनच्या ट्रेनिंग कमिटीला ते पाठ असतं. त्यांच्याशी बोला. त्यांच्यामार्फत गेल्या वर्षीच्या एलओईचे परीक्षकाचे शेरे लेखी मागा, आणि अपग्रेडमध्ये एखादं जादा सिम्युलेटर सेशन मिळेल का तेही विचारा. मागणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही. आम्ही परीक्षक तर अशा माणसाबद्दल निर्धास्त होतो.

दुसरं, सीट-फिलला नाव द्या. दुसऱ्यांच्या ट्रेनिंग सेशनमध्ये उजवी सीट भरायला माणूस लागतोच. तिथे स्वतःची परीक्षा नसताना तुम्हाला दुसऱ्याचा जनरेटर जाताना, दुसऱ्याचा धूर निघताना बघायला मिळतो. चांगला कॅप्टन अशा वेळी किती हळू होतो ते बघा. ‘युअर एअरक्राफ्ट, युअर रेडिओज’ म्हणून विमान सहकाऱ्याकडे देतो, एटीसीकडे व्हेक्टर्स (कुठल्या दिशेने उडायचं त्याच्या सूचना) किंवा होल्ड मागतो, इंधन बघतो, आणि मग क्यूआरएच उघडतो. डिस्पॅचला ‘थांबा’ म्हणतो. फर्स्ट ऑफिसरचा प्रश्न आला की चेकलिस्टच्या ओळीवर बोट ठेवून उत्तर देतो आणि त्याच ओळीवर परत येतो. बोट ठेवायची ही सवय मी ज्यांना ज्यांना लावली, त्यांची चेकलिस्ट अर्धी राहायची थांबली.

आणि तारीख येईपर्यंत प्रत्येक फ्लाइटला उजव्या सीटवरून मनातल्या मनात कॅप्टन व्हा. पुश-बॅकच्या आधी ठरवा की आज उड्डाणानंतर लगेच काही बिघडलं तर कुठे जाईन, विमान कोणाच्या हातात देईन, पहिलं वाक्य काय बोलेन. ते वाक्य घरी कॉकपिटच्या पोस्टरसमोर बसून मोठ्याने म्हणा. सिम्युलेटरमधल्या एखाद्या कठीण दिवशी ते विचार न करता तोंडातून यायला लागलं, की ट्रेनिंग विभागाला तारीख कळवा.