शाळेतला क्रूस आणि खेचरावरची पेटी

प्रश्न : मी बीएड करते. धर्म आणि शाळा यावर चर्चा चालली असताना सर म्हणाले, १९३१ मध्ये स्पेनच्या सरकारनं शाळेतून धर्म काढला आणि तेच त्या सरकारला भोवलं. खरंच असं झालं का?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : बेटा, सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मला जास्त जवळचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

१४ एप्रिल १९३१ ला स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं, राजा तेरावा अल्फोन्सो देश सोडून गेला. खेड्यापाड्यांत शाळाच नव्हत्या, लाखो माणसं निरक्षर होती. शहरांतलं शिक्षण, विशेषतः माध्यमिक, बरंचसं चर्चच्या संघांच्या हातात होतं. नव्या सरकारचं पहिलं पाऊल मात्र जपून टाकलेलं होतं. मे महिन्यातल्या हुकमानं धर्मशिक्षणाची सक्ती गेली. ज्या पालकांना हवं, त्यांच्या मुलांना ते मिळणार होतं. शिक्षणमंत्री मार्सेलिनो दोमिंगो यांनी पाच वर्षांत २७,००० शाळा उघडायचं ठरवलं, त्यातल्या ७,००० पहिल्याच वर्षी.

आणि मग ती पुस्तकांची पेटी! त्याच मे महिन्यात मानुएल कोस्सिओ या वृद्ध शिक्षणतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली 'शिक्षण-मोहिमा' सुरू झाल्या. डिसेंबरात पहिली मोहीम सेगोव्हिया प्रांतातल्या आय्योन गावी गेली. पुढं जिथं रस्ता नसे, तिथं खेचरावर सामान लादून जायचं. ग्रामोफोन, सिनेमाचं यंत्र, प्रादो संग्रहालयातल्या चित्रांच्या प्रतिकृती. निघताना गावाला शंभर पुस्तकांचं वाचनालय देऊन यायचं. ते शाळेत राही, पण मोठ्यांनाही पुस्तकं घरी नेता येत. अशी पाच हजारांवर वाचनालयं झाली.

हे वाचलं की मला काटोलकडची माझी पहिली शाळा आठवते. तिथंही पुस्तकांची पेटी आली होती. हरवली तर भरून कोण देणार, म्हणून ती कुलपात राहिली. मी तीन वर्षं किल्ली मागितली. पोरं खिडकीतून पेटीकडे बघत. त्याचा राग मला अजून येतो.

आता सरांचा मुद्दा. डिसेंबर १९३१ च्या राज्यघटनेनं राज्याला अधिकृत धर्म नाही असं म्हटलं, ते मला योग्यच वाटतं. पण २६ व्या कलमानं धार्मिक संघांना शिकवायलाच बंदी केली. जानेवारी १९३२ मध्ये जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ विसर्जित झाला, वर्गातले क्रूस उतरवायचा आदेश निघाला. १९३३ च्या कायद्यानं मुदत घातली : संघांचं माध्यमिक शिक्षण १ ऑक्टोबरला बंद, प्राथमिक ३१ डिसेंबरला. या मुलांना बसवायला सरकारच्या पुरेशा शाळा कुठं होत्या? भिंतीवरचा क्रूस एका सकाळी उतरवता येतो. शाळेला मात्र विटा लागतात, मास्तर लागतो, त्याचा पगार लागतो. ज्या आईनं पोरगं नन्सच्या शाळेत घातलं, तिला बंदीची तारीख आधी कळली आणि नवी शाळा दिसलीच नाही. क्रम चुकला तो इथं.

नोव्हेंबर १९३३ च्या निवडणुकीत उजवे पक्ष जिंकले आणि ती बंदी अडली. पण पराभवाचं सगळं खापर शाळांवर फोडू नये. बेकारी होती, जमिनीचे तंटे होते, डाव्यांत फूट होती. स्पेनच्या स्त्रियांनी त्या निवडणुकीत पहिल्यांदा देशभर मतदान केलं. त्यांनीच सरकार पाडलं असं म्हणणारे तेव्हाही होते; मला ते पटत नाही.

१९३६ ला यादवी युद्ध पेटलं. प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या ताब्यातल्या भागात तेव्हाच, आणि १९३९ मध्ये तो जिंकल्यावर देशभर, क्रूस परत लागले. प्रजासत्ताकाच्या शिक्षकांच्या चौकश्या झाल्या, हजारोंना शिक्षा झाल्या, कित्येक तर युद्धातच गोळ्या घालून मारले गेले. हे वाचताना माझा हात अजून थांबतो. १९७८ च्या घटनेनंही राज्याला अधिकृत धर्म ठेवला नाही, पण मुलांना आपल्या श्रद्धेप्रमाणे धर्मशिक्षण मिळण्याचा पालकांचा हक्क २७ व्या कलमात लिहिला. १९३१ च्या मे महिन्यातलं ते पहिलं पाऊल आठव.

सराव पाठाला शाळेत जाशील, तेव्हा पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, तेवढं विचार. काय उत्तर मिळालं, ते मला कळव.