मागची सीट मोडली, मुदत कुठून मोजायची?

भुसावळच्या एका वाचकाने तापीच्या बॅकवॉटरवर पर्यटकांना फिरवायला जुनी स्की बोट घेतली. मागे तोंड करून बसायची सीट मोडली म्हणून सुरतच्या वर्कशॉपमधून ४२,००० रुपयांत नवी करून घेतली. ती सातव्या महिन्यात बिजागरीपासून उखडली. वर्कशॉपवाला फोनवर नुसतं ‘बघतो’ म्हणतोय. डिलिव्हरीला आता एकवीस महिने झाले. विचारणा अशी: केस बोट विकणाऱ्यावर करू की वर्कशॉपवर? आणि तोवर सीट दुरुस्त केली तर चालेल का?

ठिबकची मोटर, थ्रेशर, ट्रॉली... वस्तू बदलते, पत्र तेच असतं. ‘बघतो’वर दीड-दोन वर्षं घालवून मग वकील आठवतो.

बोट विकणाऱ्याचा नाद सोडा, भाऊ. जुनी बोट तुम्ही चार वर्षांपूर्वी बघून घेतली आणि तिची मूळ सीट आता बोटीवर नाहीही. तुमची केस वर्कशॉपच्या दुरुस्तीची आहे, आणि ती एका तारखेवर उभी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. कारण कधी घडलं? तुम्ही म्हणाल, सीट उखडली तेव्हा. समोरचा वकील म्हणेल, डिलिव्हरीच्या दिवशी. तुमचं म्हणणं टिकेलही, पण टाळता येणारा वाद ओढवून का घ्यायचा? डिलिव्हरी चलनावरची तारीख धरा आणि उरलेल्या तीन महिन्यांत तक्रार दाखल करा. फोन आणि व्हॉट्सॲपवरच्या आश्वासनांनी मुदत थांबत नाही. उशीर माफ करायची सोय त्याच कलमात आहे, पण ‘समोरचा बघतो म्हणाला’ हे कारण ग्राहक आयोगाला पटेलच, असं मी सांगणार नाही.

तुमच्या फोटोंपैकी कामाचा एकच, फळीच्या उलट्या बाजूचा. बिलात ‘१२ एमएम मरीन प्लाय’ लिहिलंय आणि फळीवर ठसा आयएस (भारतीय मानक) ३०३ चा आहे. मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं मानक आयएस ७१०. ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय. त्यात बीडब्ल्यूआर ही जास्त पाणी सोसणारी प्रतही असते. ठशात ती अक्षरं असतील तर वर्कशॉप तीच धरून बसेल, तरी पैसे मरीनचे घेतलेत ते घेतलेतच. फोटोत बिजागरीचे स्क्रू साध्या लोखंडाचे, गंजलेले आणि थेट फळीच्या कडेत मारलेले दिसतात. बोटीचा वेग एकदम उतरला की मागे तोंड करून बसलेल्याचा सगळा भार सीटच्या पाठीवर आणि तिथून बिजागरीवर येतो. भिजून थर सुटलेल्या कडेत स्क्रू काय धरणार?

म्हणून दुरुस्तीआधी पुरावा. आज स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: बिल क्रमांक, ठशाचा फोटो, आणि ‘१५ दिवसांत येऊन पाहणी करा, नंतर मी सीट दुसरीकडून करून घेणार.’ फळी, स्क्रू, बिजागरी, रेक्झिन सगळं गोणीत भरून दोन साक्षीदारांच्या सह्यांनी सील करा. कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. फायबरकाम जाणणाऱ्या त्रयस्थ कारागिराचं लेखी मतही घ्या.

पंधरा दिवसांनी खुशाल दुरुस्त करा. जुनी फळी भुगा व्हायच्या आत कागदावर तिचा साचा काढा. नवी फळी आयएस ७१० ची, कडा आणि भोकं इपॉक्सीने दोन-तीनदा सील केलेली. बिजागरीला स्क्रू नकोत, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आरपार बोल्ट आणि मागे रुंद वॉशर. रेक्झिनच्या पिनाही स्टेनलेस. तळाला पाणी निथळायला भोकं ठेवा, नाहीतर फोम भिजलेलाच राहतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, भरपाईचा आकडा त्यावरूनच ठरेल.

बिलाखालच्या ‘सुरत न्यायकक्षेच्या अधीन’ या ओळीला घाबरू नका. कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या आयोगात, तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

अडचण आली तर ‘व्यावसायिक हेतू’ची येईल: धंद्यासाठी काम करून घेणारा या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. बोट स्वतः चालवून त्यावर पोट भरत असाल तर स्वयंरोजगार म्हणून तुम्ही ग्राहक ठरू शकता. बोट ठेक्याने दिली असेल किंवा पगारी माणसं चालवत असतील, तर मी खात्री देणार नाही. मग दिवाणी दावा. त्याला तीन वर्षं मिळतात, पण निकालाला किती लागतील ते विचारू नका. आयोगाने तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. म्हणतो, एवढंच.

आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत, ‘सध्या सीट दोरीने बांधून चालवतोय.’ ती दोरी आजच सोडा आणि बोट काठाला लावा. त्या सीटवरून पर्यटक पडला तर त्याच आयोगात सामनेवाले तुम्ही असाल. शिवाय सीट तुमच्याच वापराने मोडली, हे म्हणायला वर्कशॉपला आयतं कारण मिळेल.