वाचकांचे प्रश्न : बुडालेल्या युद्धनौकेतील खलाशांना वर का आणले नाही?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचताना ‘रॉयल ओक’ या ब्रिटिश युद्धनौकेची माहिती मिळाली. ती किनाऱ्यापासून फार दूर बुडालेली नाही आणि तेथे पाणीही जेमतेम तीस मीटर खोल आहे. तरीही शेकडो खलाशांचे अवशेष आजवर तिच्या पोटातच आहेत. पैसा आणि यंत्रसामग्री हाताशी असताना त्या देशाने आपली माणसे बाहेर काढून त्यांचे रीतसर अंत्यसंस्कार का केले नाहीत? याला विस्मरण म्हणायचे नाही तर काय? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आपल्या प्रश्नामागची तळमळ समजते. आपल्याकडे देह हाती आला नाही, तर दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून का होईना, क्रियाकर्म केल्याशिवाय घरच्यांच्या जिवाला स्वस्थता लाभत नाही. तथापि ‘रॉयल ओक’च्या बाबतीत विस्मरण हा आरोप लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी त्या रात्री काय घडले ते आधी पाहावे लागेल.

स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी बेटांनी वेढलेले स्कापा फ्लो हे ब्रिटिश आरमाराचे सर्वांत सुरक्षित समजले जाणारे नाविक ठाणे होते. १९१६ साली जटलंडच्या लढाईत भाग घेतलेली ‘रॉयल ओक’ १९३९ पर्यंत जुनी आणि संथ झाली होती. ऑक्टोबर महिन्यात ती तेथे नांगर टाकून उभी होती. १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून ४ मिनिटांनी तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एक हादरा बसला. बंदरात शत्रू आला असेल, ही शंकाही कोणाला आली नाही. ज्वालाग्राही सामानाच्या कोठारात काही स्फोट झाला असावा, असा तर्क करण्यात आला आणि जागे झालेले अनेक खलाशी पुन्हा आपापल्या झोळ्यांत जाऊन झोपले. बारा मिनिटांनी एका जर्मन पाणबुडीने सोडलेले तीन टॉर्पेडो एकापाठोपाठ एक नौकेच्या मध्यभागी येऊन आदळले. दिवे गेले, तोफांसाठी साठवलेल्या कॉर्डाइट या स्फोटक दारूने पेट घेतला आणि आगीचा लोळ खालच्या मजल्यांवरील झोपण्याच्या जागांमधून फिरला. नौका एका अंगाला कलंडत गेली आणि त्यानंतर अवघ्या तेरा मिनिटांत उलटी होऊन तळाला गेली. पहिल्या हादऱ्यानंतरची ती बारा मिनिटे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात, कारण तेवढ्या वेळात सर्वांना वर बोलावले असते, तर कितीतरी जण उघड्या डेकवर असते.

नौकेवर १,२३४ माणसे होती. त्यांपैकी ८३५ जण मरण पावले. रिअर ॲडमिरल हेन्री ब्लॅग्रोव्ह हेही त्यांत होते. मृतांपैकी १३४ जण वयाची अठरा वर्षेही पूर्ण न झालेली, आरमारात ‘बॉय’ या हुद्द्यावर काम करणारी मुले होती. जे वाचले त्यांतील बहुतेकांचे प्राण ‘डेझी २’ या छोट्या बोटीने वाचवले. ती त्या रात्री युद्धनौकेच्या कुशीलाच बांधलेली होती आणि नौका कलंडू लागली तसे तिला कसेबसे सुटून बाहेर पडावे लागले. तिचे तांडेल जॉन गॅट यांनी दिवे लावून, थंडगार आणि तेलाने माखलेल्या पाण्यातून ३८६ जणांना वर ओढून घेतले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. ही नौका उलटी पडलेली आहे. तिच्या तळाचा सर्वांत उंच भाग पाण्याच्या पृष्ठभागापासून सुमारे पाच मीटर खाली आहे, आणि माणसे जेथे झोपली होती ते मजले तिच्याच पोलादाखाली दबलेले आहेत. तेथे पोहोचायचे म्हणजे चिलखती पत्रे कापत, न फुटलेल्या दारूगोळ्यातून आणि इंधनाच्या टाक्यांमधून वाट काढायची, आणि एवढे करून जे हाती लागेल ते कोणाचे हे ओळखता येण्याची आशा धरता येत नाही. पाणबुड्यांचे प्राण धोक्यात घालून अनामिक अस्थींचा ढीग वर आणण्यापेक्षा, एकत्र मेलेल्या सोबत्यांना एकत्र राहू द्यावे, हा निर्णय मला अधिक माणुसकीचा वाटतो. शिवाय समुद्रात मरण आलेल्या खलाशाला समुद्राच्याच स्वाधीन करणे ही नाविकांची फार जुनी रीत आहे. त्यांच्या दृष्टीने ती विटंबना नव्हे.

मात्र तेथेच राहू देणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. १९८६ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ही जागा संरक्षित असून परवानगीशिवाय तेथे पाण्यात उतरण्यास बंदी आहे. त्या जागी तरंगणाऱ्या बोयावर, हे ‘रॉयल ओक’चे अवशेष आणि तिच्या माणसांची कबर असल्याची सूचना लिहिलेली आहे. दरवर्षी स्मृतिदिनाच्या सोहळ्यात नौदलाचे पाणबुडे खाली उतरून तिच्या वरामेला, म्हणजे मागच्या टोकाला, नौदलाचा पांढरा ध्वज लावतात. नौकेची घंटा १९७० च्या दशकात वर काढली गेली आणि दुरुस्तीनंतर ऑर्कनीतील कर्कवॉल येथील सेंट मॅग्नस कॅथीड्रलमधील स्मारकात बसवण्यात आली. त्याच स्मारकापाशी मृतांच्या नावांची एक वही उघडी ठेवलेली असते आणि दर आठवड्याला तिचे एक पान उलटले जाते. मोठ्या भाषणांपेक्षा ही नेमाने पाने उलटण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण तीमुळे ॲडमिरलच्या आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या नावावर सारखाच उजेड पडतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘रॉयल ओक’च्या नावाची पितळी अक्षरे १९७० च्या दशकातच एका हौशी पाणबुड्याने आठवण म्हणून काढून नेली होती. सुमारे वीस वर्षांनी ती परत करण्यात आली आणि लायनेस येथील संग्रहालयात ठेवण्यात आली. कायद्याची गरज का भासली, हे त्यावरून कळेल.

प्रश्न : एवढ्या बंदिस्त ठाण्यात शत्रूची पाणबुडी शिरलीच कशी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ती पाण्याखालून नव्हे, पृष्ठभागावरूनच आली. पूर्वेकडील अरुंद वाटांमध्ये जुनी जहाजे मुद्दाम बुडवून अडथळे केलेले होते. परंतु कर्क साउंड नावाच्या वाटेत त्यांच्यामधून फट राहिली होती. जर्मन विमानांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून ती हेरली गेली, आणि भरतीची वेळ साधून कप्तान गुंथर प्रीन याने यू-४७ ही पाणबुडी त्या फटीतून आत घातली. त्या रात्री उत्तर ध्रुवीय प्रकाशाने आकाश उजळलेले होते, तरीही ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही. पहिल्या महायुद्धात आत शिरण्याचा प्रयत्न करणाऱ्या दोन जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या होत्या, त्यामुळे ठाण्याच्या अभेद्यपणावरचा विश्वास गाफीलपणाच्या थराला गेला होता. आरमाराचा बराचसा भाग काही दिवस आधीच दुसरीकडे हलला होता, अन्यथा हानी याहून मोठी झाली असती.

प्रीनचा बर्लिनमध्ये मोठा सत्कार झाला. पण १९४१ च्या मार्चमध्ये यू-४७ सर्व माणसांसह अटलांटिकमध्ये नाहीशी झाली. त्यांच्या कबरीवर बोया नाही, कारण ती जागाच कोणाला ठाऊक नाही.

हल्ल्यानंतर पूर्वेकडील वाटा काँक्रीटच्या ठोकळ्यांचे बांध घालून कायमच्या बंद करण्यात आल्या. या कामावर उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी होते. युद्धकैद्यांना युद्धोपयोगी कामाला लावणे आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध असल्याने, हे बेटांना जोडणारे रस्ते आहेत, असे कारण देण्यात आले. आणि आज खरोखरच त्यांवरून रहदारी चालते. बांधांचे उद्घाटन मे १९४५ मध्ये, म्हणजे युरोपातील युद्ध संपल्यावर झाले. त्या कैद्यांनी दोन पत्र्याच्या बराकी जोडून उभारलेले, आतून रंगवलेले प्रार्थनामंदिर लॅम्ब होम या बेटावर अजून आहे.

प्रश्न : बुडालेल्या नौकेतील तेल समुद्रात मिसळत असेल, तर कबरीचे पावित्र्य राखायचे की समुद्र वाचवायचा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही साधता येते, हे ‘रॉयल ओक’ने दाखवले आहे. १९९० च्या दशकात गळती वाढून किनारा आणि तेथील मत्स्यव्यवसाय धोक्यात आला, तेव्हा ब्रिटिश संरक्षण खात्याने ध्वनिलहरींच्या साहाय्याने नौकेचा नकाशा करून घेतला, आणि नंतर बाहेरच्या टाक्यांना भोके पाडून तेल उपसण्यास सुरुवात केली. माणसांचे अवशेष असलेल्या भागांना हात न लावता हे काम झाले. २०१० पर्यंत सुमारे १,६०० टन तेल काढण्यात आले होते.

पर्ल हार्बरमध्ये ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी हल्ल्यात बुडालेल्या ‘ॲरिझोना’ या अमेरिकन युद्धनौकेतून मात्र अजूनही तेलाचे थेंब वर येतात. तिच्यावरील १,१७७ जण मरण पावले आणि त्यांपैकी नऊशेहून अधिक आतच आहेत. त्या हल्ल्यातून वाचलेल्यांपैकी चाळीसहून अधिक जणांनी पुढे वृद्धापकाळी मरण आल्यावर आपल्या अस्थी त्याच नौकेत ठेवाव्यात अशी इच्छा व्यक्त केली होती, आणि पाणबुड्यांनी त्यांचे कलश खाली नेऊन ठेवले. आयुष्यभराचा संसार करून झाल्यावरही ज्यांना तरुणपणीच्या सोबत्यांकडे परतावेसे वाटले, त्यांची ही इच्छा अलिबागच्या वाचकांच्या प्रश्नालाही काही उत्तर देते.

प्रश्न : आपल्या खलाशांची अशी स्मारके आहेत का? आमच्या घरातील एक पूर्वज महायुद्धात जहाजावर गेले ते परतले नाहीत. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आहेत, परंतु आपल्याच लोकांना त्यांची फारशी माहिती नाही, याचे वाईट वाटते. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालेल्या ‘खुकरी’ या फ्रिगेटवरील १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांचे स्मारक दीव येथे समुद्रासमोर आहे. काचेच्या पेटीत ठेवलेली नौकेची प्रतिकृती तेथे पाहायला मिळते. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला हे नौकेबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

आपल्या पूर्वजांसाठी मात्र मुंबईला जावे लागेल. मस्जिद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहात दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या अविभक्त हिंदुस्थानातील सहा हजारांहून अधिक खलाशांच्या नावांची स्मरणवही आहे. तशीच दुसरी वही चितगाव येथे आहे. त्यांतील बहुसंख्य लढाऊ नौकांवरचे नव्हते. ते व्यापारी जहाजांवर कोळसा ओढणारे, स्वयंपाक करणारे, डेक धुणारे लोक होते, आणि आपल्या कोकण किनाऱ्यावरून या नोकरीला जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर हीच नावे विनामूल्य शोधता येतात. शोधताना एक काळजी घ्यावी : गोऱ्या कारकुनांनी ही नावे ऐकतील तशी रोमन लिपीत उतरवली आहेत आणि आडनाव अनेकदा लिहिलेलेच नाही. म्हणून नावाची चार-पाच निरनिराळी स्पेलिंगे करून पाहावीत, आणि घरात जुने पत्र, निवृत्तिवेतनाचा कागद किंवा खलाशाचे नोंदपुस्तक, ज्याला आपल्याकडे ‘नल्ली’ म्हणतात, जपलेले असेल तर त्यावरील जहाजाचे नाव आणि तारीख आधी शोधून काढावी; खलाशाच्या नावापेक्षा त्यांच्या आधारे नोंद लवकर सापडते.