छातीवरची पेटी

प्रश्न : सर, माझी मुलगी नववीत आहे. शाळेत परिपाठाला ॲकॉर्डियन वाजवते आणि पुढे तेच शिकायचं म्हणते. सासरे म्हणतात, ते वरातीचं वाद्य, त्यापेक्षा पेटी शिक. ॲकॉर्डियनचं रीतसर शिक्षण, मैफल असलं काही जगात असतं का?
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, सासऱ्यांवर रागावू नका. १९७६ साली भुसावळला एका निवृत्त गार्डसाहेबांकडून मी जुना होनर, म्हणजे त्या जर्मन कंपनीचा ॲकॉर्डियन, घेतला. साडेसहाशे रुपये, तेही तीन हप्त्यांत. घरी आणला तर वडिलांनी तो चारही बाजूंनी न्याहाळला नि विचारलं, "हाई पेटी शे का भाता?" पुढची दहा वर्षं मी लग्नांत, गणपतीत, ऑर्केस्ट्रात वाजवत होतो. तेव्हा सासऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

पण त्यांना एक सांगा. ज्या पेटीचा ते मान राखतात, तिलाही रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. आणि नात्यात बघायला गेलं तर ॲकॉर्डियन वडील. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियननं त्याचं पेटंट घेतलं ते १८२९ साली, पॅरिसची हार्मोनियम त्यानंतरची.

आता मैफलीचं. डेन्मार्कमध्ये मोगेन्स एलेगार्ड नावाचा वादक होऊन गेला (१९३५–१९९५). युरोपातही त्या काळी ॲकॉर्डियन म्हणजे नाचगाण्याचं, खानावळीतलं वाद्य. मोठा संगीतकार त्याच्यासाठी लिहायला बसेल कशाला? १९५७ मध्ये एलेगार्ड ऑर्केस्ट्रासोबत एक रचना वाजवत होता आणि श्रोत्यांत ओले श्मिट हा संगीतकार होता. त्यानं तोंडावर सांगितलं की वाद्य आवडलं, रचना नाही. एलेगार्डनं उलट टोला दिला की मग तूच चांगली लिही. श्मिटनं पुढच्याच वर्षी लिहिली, ॲकॉर्डियन आणि ऑर्केस्ट्रासाठी. मला हा माणूस आवडतो तो एवढ्यासाठीच. आपल्या वाद्याला कोणी विचारत नाही म्हणून तो रडत बसला नाही, संगीतकारांच्या मागे लागला. पेर नोरगार्ड, आर्ने नूरहाइम, तोर्ब्यर्न लुंडक्विस्ट अशा नावाजलेल्या लोकांनी मग त्याच्यासाठी लिहिलं.

यातली खरी गोम डाव्या हाताची आहे, आणि ती तुमच्या मुलीच्याही कामाची. शाळेतल्या मोठ्या ॲकॉर्डियनला डावीकडे १२० बटणं असतात, वीस-वीसच्या सहा ओळी. दोन ओळींत एकेक सूर, उरलेल्या चारांत तयार कॉर्ड. बटण दाबलं की तीन सुरांचा गठ्ठा बाहेर. हॉटेलातल्या थाळीसारखं, फक्त भाजी मागता येत नाही. वरातीला तेवढ्यानं भागतं. पण बाख या जर्मन संगीतकाराच्या रचनेत डावा हात स्वतःची वेगळी चाल चालतो, ती या गठ्ठ्यांतून कशी निघणार? एलेगार्डनं फ्री बास पद्धतीचं वाद्य धरलं. त्यात एका बटणाला एकच सूर, आणि बटणं अनेक सप्तकांत पसरलेली. मग डावा हात उजव्याचा गडी राहत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर १९७० साली कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश संगीत अकादमीत त्यानं ॲकॉर्डियनचा विभाग सुरू केला. देशोदेशीची मुलं तिथं आली. त्यांतला स्कॉटलंडचा ओवेन मरे लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये १९८६ पासून ॲकॉर्डियन शिकवू लागला. म्हणजे पदवीपर्यंतची वाट आहे, फक्त ती चोपड्याहून जरा लांब आहे.

आपल्याकडे हे वाद्य बहरलं ते मुंबईच्या सिनेमात. 'रूप तेरा मस्ताना' पुन्हा लावा आणि गाणं सोडून फक्त केर्सी लॉर्ड यांचा ॲकॉर्डियन ऐका. सासऱ्यांनाही ऐकवा.

मुलीनं आता काय करावं? रोज अर्धा तास फक्त डावा हात. आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, वाचायला शिकावं, बाहेरची सगळी रचना त्यातच आहे. राग वाजवायचा हट्ट मात्र मी धरणार नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, त्यातून निघत नाही, आणि निघते असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : पंधरा वर्षं भजनात पेटी वाजवतो. ॲकॉर्डियन जमेल का?
– एक भजनी, पाचोरा

उत्तर : उजवा हात लगेच जमेल. भाता रडवेल. पेटीच्या पोटात हवा साठते, म्हणून भात्याचा हात जरा चुकला तरी सूर हलत नाही. ॲकॉर्डियनला साठा नाही. हाताचा प्रत्येक हिसका थेट सुरात उतरतो. त्यात ओढतानाही वाजतं नि दाबतानाही, दोन्हींसाठी वेगळी जीभ (हवेनं थरथरून सूर काढणारी धातूची पात) असते. दिशा कुठं बदलायची हे अभंगाच्या ओळीवर ठरवा, शब्दाच्या मध्ये बदलली की हुंदका दिल्यासारखं ऐकू येतं.

प्रश्न : मे महिन्यात माझ्या ॲकॉर्डियनचे दोन सूर एकदम मुके झाले. काय झालं असेल?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : कुठं ठेवला होता? पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या टपावर असेल तर मेण बघा. बऱ्याच ॲकॉर्डियनमध्ये सुरांच्या जिभा ज्यांवर असतात त्या पट्ट्या मधमाशीचं मेण आणि राळ यांच्या मिश्रणानं बसवलेल्या असतात. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत, वर तापलेला पत्रा, ते मेण मऊ पडतं नि पट्टी सरकते. माझी एरंडोलला भर लग्नात सरकली होती. मंगलाष्टकांच्या आधीचं गाणं, आणि नेमका मध्यमच गायब. तो सूर मी तोंडानं लावून वेळ निभावली. नवरदेवाच्या मामाला वाटलं, मी गातोसुद्धा, त्यानं वर वीस रुपये दिले.

मेण स्वतः वितळवून ओतू नका, जाणत्याकडून करून घ्या. आणि थंडावा म्हणून वाद्यावर ओलं गोणपाट टाकू नका. पट्ट्यांवरच्या जिभा पोलादाच्या असतात, गंजतात.