प्लॉटिंगमधली ओपन स्पेस बिल्डर बळकावतोय, काय करावं?

नकाशात सगळ्यांसाठी मोकळी राखलेल्या ओपन स्पेसवर बिल्डर क्लबहाऊस उठवतोय आणि पंचायत कानावर हात ठेवते, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवेना, कारण हे सगळं गोव्यात, फोंड्याजवळच्या आमच्या कॉलनीत होऊन गेलंय.

मंजूर नकाशात आमची ओपन स्पेस ऐसपैस, हिरवीगार रंगवलेली. जागेवर बघाल तर अर्धी ओहळात, उरलेली जांभ्याच्या अशा उतारावर की शेळीनंही जपून पाय टाकावा. सपाट तुकडा एकच. त्यावर जुनी ओवळ (बकुळ) आणि चार भिरंडी, म्हणजे कोकमाची झाडं. क्लबहाऊस नेमकं तिथेच हवं होतं! जेसीबी आला तोही चतुर्थीच्या सुट्टीत. कचेऱ्या बंद, निम्मी कॉलनी मूळ घरी गणपतीला गेलेली. आम्हाला सुतक होतं म्हणून मी घरी. बाहेर आले तोवर दोन भिरंडी आडव्या, आणि ओवळीची मुळं एका बाजूनं उघडी पडून तांबड्या मातीत लोंबत होती.

ड्रायव्हर बिचारा पोटासाठी आलेला. सुपरवायझरनं मोबाईलवर बांधकाम परवान्याचा फोटो दाखवला. मी म्हटलं, हा बांधायचा परवाना, झाडं तोडायचा कुठे आहे? तो नव्हताच. गाडीच्या नंबरासकट फोटो काढले आणि तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी धाकट्या भावोजींचा फोन. ते जमिनीच्या दलालीत. "वहिनी, एकाच्या बदल्यात दहा लावतील, कशाला वैर घेता?" ती रोपं मी नंतर बघितली. साईटच्या पत्र्याच्या शेडमागे, काळ्या पिशव्यांतच वाळून गेलेली. भरपाईची झाडं हे शुद्ध थोतांड आहे. २०१६ साली गोव्यात माडाला वृक्ष संरक्षण कायद्यातल्या झाडांतून वगळलं तेव्हा हेच भावोजी खूश होते. पुढच्याच वर्षी माड परत कायद्यात आला, वर राज्यवृक्षही झाला. त्यावर त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही.

असो, तुमचं. माहिती अधिकारात नगरनियोजन खात्याकडून मंजूर नकाशाची प्रत काढा. पंचायत 'कागद नाही' म्हणाली तर तेच लेखी मागा. ओपन स्पेस पंचायतीच्या नावे झाली का, हे विचाराच. झाडांसाठी १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याकडे तक्रार, डोंगर कापत असतील तर नगरनियोजन कायद्याचं कलम १७अ. बंगळुरात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी इस्पितळाला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. वकिलाला हे सांगा. आमचं क्लबहाऊस शेवटी गेटजवळ गेलं, आकारही निम्मा झाला. भावोजींच्या मते ते 'मार्केटमुळे'. बरं.

एक मात्र आहे. जागा मंजूर प्लॉटिंगमधली नसून कुणाचं खासगी भाट (बागायत) असेल, तर ओपन स्पेसचा मुद्दा चालणार नाही, झाडं आणि डोंगर एवढेच हातात. मग जमिनीचा झोन, म्हणजे ती कशासाठी वापरायची ते, कधी आणि कुठल्या कलमाखाली बदलला ते काढा. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली बदललेला असेल तर वकील लगेच गाठा, कारण त्या कलमाचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च २०२५ मध्ये रद्द केलेत.