वाचकांचे प्रश्न : चालता लॅपटॉप 'अपात्र' कसा ठरतो?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१७ साली घेतलेला आहे. त्यात सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असून, एसएसडी बसवल्यापासून तो उत्तम चालतो. मात्र विंडोज ११ टाकू पाहिले की हा संगणक पात्र नसल्याचा संदेश येतो. बर्डीवरील दुकानदार नवा लॅपटॉप घ्या म्हणतात. माझे काम मराठी लेखन, ई-मेल आणि पुण्यातील नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढेच आहे. लिनक्स टाकावे का? माझे जुने लेखन त्यात उघडेल का?
— एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या लॅपटॉपमध्ये कोणताही बिघाड नाही, हे आधी सांगतो. मायक्रोसॉफ्टने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आणताना काही अटी घातल्या : ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त मान्य सही असलेली प्रणाली चालू देण्याची) सोय, टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि कंपनीने मान्य केलेल्या यादीतील प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. २०१७ सालच्या अनेक लॅपटॉपांत टीपीएम २.० असते, त्यामुळे आपले यंत्र बहुधा केवळ प्रोसेसरच्या पिढीवरून अडले असावे. रॅम आणि जागा या दोन्ही बाबतींत ते अटींपेक्षा सरसच आहे.

या अटी सुरक्षिततेसाठी आहेत, हे कंपनीचे म्हणणे मी खोटे मानत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतील माहिती चोराला वाचता येऊ नये, यासाठी टीपीएमचा खरोखर उपयोग होतो. माझा आक्षेप वेगळा आहे. ही जोखीम पत्करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांनी पैसे मोजून यंत्र घेतले त्यांच्याकडे राहत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली सुरक्षा-अद्ययावतीकरणाची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. म्हणजे धडधाकट यंत्राचे आयुष्य बाहेरच्या कोणीतरी ठरवायचे, आणि त्याचा खर्च आपण निवृत्तिवेतनातून सोसायचा, हे मला न्याय्य वाटत नाही.

लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली आहे, म्हणजे तिचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कोणालाही पाहता आणि बदलता येतो. पण मुक्त प्रणालींतही जुनी यंत्रे कायमची सांभाळली जातात, असे नाही. लिनक्सच्या गाभ्यातून इंटेल ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ मध्ये काढण्यात आला, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या एका प्रकारात जुन्या ३२-बिट संगणकांवर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय राहिली नाही. फरक कारणात आहे. तेथे आधार सुटतो तो सांभाळणारे हात कमी पडतात म्हणून. सोर्स कोड सर्वांसमोर असल्याने कोणाला ते काम पुढे चालवायचे असेल, तर त्याला कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही. आपला प्रोसेसर ६४-बिट आहे, तेव्हा ही अडचण आपल्याला येणार नाही.

तेव्हा लिनक्स जरूर टाकावे, परंतु आधी पाहून घ्यावे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांपैकी लिनक्सचा एक प्रकार पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच लॅपटॉप सुरू करता येतो. त्या वेळी हार्ड डिस्कला हातही लागत नाही. तासभर तसेच वापरा. वाय-फाय जोडून पाहा, नातवंडांना कॉल लावून कॅमेरा आणि माइक तपासा, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडल्यावर तो नीट जागा होतो का तेही पाहा. प्रतापनगरातील माझ्या एका शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर सारे काही चालले, फक्त वाय-फायची खूण दिसेना. त्या कार्डाचा ड्रायव्हर (यंत्राचा भाग प्रणालीकडून चालवून घेणारा प्रोग्राम) कंपनीच्या मालकीचा असल्याने तो वेगळा उतरवावा लागणार होता, आणि उतरवायला इंटरनेट नव्हते. शेवटी त्यांचा फोन केबलने लॅपटॉपला जोडून फोनचेच इंटरनेट घेतले, 'अतिरिक्त ड्रायव्हर' या खिडकीत एका ओळीवर खूण केली, आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आसपासच्या घरांतील वाय-फायची नावे भराभर दिसू लागली.

मराठी लेखनाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकलेखन केलेल्या फाइली लिब्रेऑफिस या मुक्त लेखन-सॉफ्टवेअरमध्ये उघडतील. मांडणीत थोडाफार फरक पडू शकतो. इन्स्क्रिप्ट कळफलकही मिळेल. परंतु युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसेल. विंडोज चालू आहे तोवर असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

प्रश्न : आमच्या डीटीपीच्या दुकानातील तीनपैकी एका संगणकावर लिनक्स टाकले. स्कॅनर चालतो, पण लेझर प्रिंटर चालत नाही. मग लिनक्स अपुरेच म्हणायचे ना?
— एक मुद्रण व्यावसायिक, महाल, नागपूर

उत्तर : आपला त्रास खरा आहे, ग्राहक लग्नपत्रिकेच्या प्रूफसाठी समोर उभा असताना तत्त्वचर्चा कामाची नसते. तरीही दोष कोठे आहे, हे नीट पाहावे लागेल. प्रिंटरशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे त्याच्या निर्मात्याला ठाऊक असते. काही निर्माते ती भाषा उघड करतात किंवा लिनक्ससाठी स्वतः ड्रायव्हर देतात. एचपीने आपल्या बहुतेक प्रिंटरांसाठी मुक्त ड्रायव्हर दिलेला आहे, जरी काही मॉडेलना वेगळी बंदिस्त पुरवणी लागते. काही निर्माते मात्र ती भाषा गुप्त ठेवतात, आणि मग स्वयंसेवकांना अंदाजाने एकेक संकेत उलगडत बसावे लागते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागेही एक प्रिंटरच आहे, हे आपल्या व्यवसायातील माणसाला सांगताना मला विशेष आनंद होतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर मिळाला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये तेथील प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सुधारणा केली होती; कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना येई आणि कोणीतरी जाऊन तो मोकळा करी. नव्या यंत्राचा सोर्स कोड मिळालाच नाही. ज्यांच्याकडे तो होता, त्या संशोधकाने गुप्ततेचा करार केल्याचे सांगून नकार दिला. साधा कागद अडकल्याची खबर देण्याची सोयही वापरणाऱ्यांना करता येऊ नये, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू या मुक्त प्रणाली उभारण्याच्या प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा आणला, आणि आज आपण लिनक्स म्हणून वापरतो ती प्रणाली या दोन्हींच्या जोडणीतून उभी राहिली.

आपल्या दुकानापुरता सल्ला असा : हा प्रिंटर सध्या विंडोजच्या संगणकालाच जोडलेला राहू द्या, आणि लिनक्सवरून पीडीएफ करून त्याकडे पाठवा. पुढील खरेदीच्या वेळी दुकानात मॉडेलचा क्रमांक विचारून, त्याचा लिनक्स ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे किंमत ठरवण्याआधी पाहा. डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ते बहुधा लिनक्सवर चालणार नाही. त्यासाठी एक विंडोज संगणक राखून ठेवणेच शहाणपणाचे.

प्रश्न : अँड्रॉइडमध्ये लिनक्सच आहे, तर मग माझ्या फोनवर मला हवी ती प्रणाली का टाकता येत नाही?
— एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : कारण सोर्स कोड मोकळा असला, तरी यंत्र मोकळे असेलच असे नाही. फोन सुरू होतानाच त्याचा बूटलोडर, म्हणजे प्रणाली चालू करून देणारा प्रोग्राम, प्रणालीवरील डिजिटल सही तपासतो, आणि ती निर्मात्याची नसेल तर पुढे जाऊ देत नाही. टिव्हो या अमेरिकी ध्वनिचित्रमुद्रण यंत्रात हेच घडले होते : आत लिनक्स होते, सोर्स कोडही प्रसिद्ध केलेला होता, परंतु त्यात बदल केला की यंत्र तो चालवण्यास नकार देई. जून २००७ मध्ये आलेल्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत घरगुती वापराच्या वस्तूंपुरती ही वाट बंद केली गेली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला, आणि म्हणून आपल्या फोनला ते संरक्षण लाभत नाही. मला स्वतःला तिसऱ्या आवृत्तीची भूमिका पटते, कारण बदललेला कोड ज्या यंत्रासाठी लिहिला त्यावरच चालत नसेल, तर बदलण्याची मुभा कागदावरच राहते.

काही कंपन्या बूटलोडर अधिकृतपणे उघडू देतात, तेव्हा पुढचा फोन घेताना ही चौकशी आधी करावी. तो उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते आणि त्यानंतर बँकांची काही ॲप चालण्यास नकार देतात. त्यामुळे रोजच्या व्यवहाराच्या फोनवर हा प्रयोग करू नका. घरात जुना फोन पडून असेल, तर त्यावर करा.